सांधा बसला, पण जुळला काय ?

आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहें, तो ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. थंड समुद्रांत बुडी मारणारे लोक पाणी न शिरणारा एक पोशाख घालतात. त्याच्या छातीवर हवा भरण्याची एक लहानशी झडप असते. त्या झडपेला बाजारांत सर्वत्र मिळणारी नेहमींची नळी कशी जोडावी, आणि जोडतांना काय सांभाळावें, हा आजचा विषय. असा पोशाख घालण्याचा प्रसंग आपल्यापैकीं फारच थोड्यांवर येईल. मी स्वतः आमच्या गांवच्या विहिरीहून अधिक खोल पाण्यांत कधीं उतरलों नाहीं. तरीहि त्या बोटभर सांध्यानें मला एक गोष्ट शिकविली, आणि ती प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे असें वाटल्यावरून हें बोलण्याचें धाडस करीत आहें.

निमित्त झालें तें एका पत्राचें. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठीं स्कॉटलंडमध्यें राहतो. तेथें त्याला बुडालेलीं जहाजें पाहण्याचा नाद लागला. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचीं बेटें आहेत आणि त्या बेटांनीं वेढलेला स्कापा फ्लो नांवाचा विस्तीर्ण जलाशय आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथें अडकवून ठेवलेलें जर्मन आरमार त्याच्याच अधिकाऱ्यांनीं ता. २१ जून १९१९ रोजीं आपल्या हातानें बुडविलें. त्यांतील बहुतेक जहाजें पुढें वर काढून मोडींत घातलीं गेलीं. परंतु तीन मोठ्या युद्धनौका व चार क्रूझर अद्यापि तळाशीं आहेत आणि त्या पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक तेथें बुडी मारतात. माझ्या विद्यार्थ्यानें त्यासाठीं एक वापरलेला पोशाख स्वस्तांत विकत घेतला. पाहतो तों त्याच्या झडपेचें तोंड निराळें. जवळची नळी त्याला लागेना. तेव्हां त्यानें मला लिहिलें : ‘गुरुजी, दुकानांत मध्यें लावावयाचा एक तुकडा मिळतो. लावून पाहिला, अगदीं घट्ट बसतो. लावूं काय ?’

त्याला माझें मत हवें होतें तें मी पाणबुड्या आहें म्हणून नव्हे. दाबाचा धडा त्याला मीं शिकविला होता म्हणून. परंतु त्या पत्रांतील ‘बसतो’ हा शब्द माझ्या मनाला लागून राहिला. त्याचें कारण मी पुढें सांगणारच आहें.

प्रथम पोशाखाविषयीं. आपल्या मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत हौशी लोक बुडी मारतात, तेव्हां पातळ पोशाख अंगांत असला तरी भागतें, कारण तेथील पाणी उबदार आहे. स्कापा फ्लोचें पाणी भर उन्हाळ्यांतहि १३-१४ अंशांच्या वर सहसा जात नाहीं. शिवाय हवेच्या मानानें पाणी अंगांतील उष्णता सुमारें २५ पट वेगानें ओढून नेतें. म्हणून तेथें ड्रायसूट, म्हणजे कोरडा पोशाख, घालावा लागतो. त्याच्या मानेशीं व मनगटांशीं रबराचे घट्ट पट्टे असतात आणि आंत लोकरीचे कपडे असतात. खरी ऊब देते ती त्या कपड्यांत अडकलेली हवा. रजईंतील कापूसहि हवाच धरून ठेवतो, तसेंच हें.

परंतु हवा मोठी चंचल. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं मांडलेला नियम आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केला आहे : उष्णतामान तेंच असतां दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें. समुद्रांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर पोशाखांत १२ लिटर हवा असेल, तर १० मीटरवर ती ६ लिटर, २० मीटरवर ४ लिटर आणि ३० मीटरवर अवघी ३ लिटर उरते. मग पोशाख अंगाला आवळतो, त्याच्या घड्या कातडीला चिमटे घेतात, ऊब जाते आणि माणूस जड होऊन खालीं ओढला जातो. म्हणून खालीं जातांना पोशाखांत थोडी थोडी हवा भरावी लागते. वर येतांना हीच हवा फुगते. एक लिटर हवा अधिक झाली, कीं माणसाला वर ढकलणारा सुमारें एक किलोचा जोर वाढला. वर गेल्यावर हवा आणखी फुगते आणि जोर आणखी वाढतो. अशा वेळीं हवा सोडली नाहीं, तर माणूस बुचासारखा वर उसळतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे नायट्रोजनचे बुडबुडे त्याच्या रक्तांत उठतात. श्वास रोखून धरला असेल तर फुप्फुसें फाटतात. म्हणून मिनिटास ९ मीटरहून अधिक वेगानें वर येऊं नये, असें नवशिक्यांना शिकवितात. पोशाखाला दोन झडपा असतात त्या याचसाठीं : छातीवरची हवा आंत घेण्यासाठीं, आणि बहुधा डाव्या दंडावरची ती बाहेर सोडण्यासाठीं.

ही चिंता जुनी आहे. ऑगस्टस सीबे यानें १८३७ च्या सुमारास लंडनमध्यें तांब्याच्या शिरस्त्राणाचा बंद पोशाख तयार केला, त्या पोशाखाला होडींतील पंपानें हवा पुरवीत असत. पाण्याच्या वर नळी फुटली, कीं शिरस्त्राणांतील हवा उलट वर धांवे आणि पाण्याचा दाब आंतील माणसाला चिरडी. म्हणून नळीच्या मुखाशीं हवेला एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप बसवावी लागली. पुढें १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाठीवरच्या टाकींतून श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केलें आणि पाणबुड्या होडीपासून मोकळा झाला. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्यें युनिसूट नांवाचा पोशाख निघाला. त्यांत छातीवरची कळ बोटानें दाबून आपल्याच टाकींतली हवा पोशाखांत घेण्याची सोय होती. आजचे कोरडे पोशाख याच घराण्याचे आहेत.

आतां सांध्याकडे वळूं. टाकींत हवा २०० बार किंवा त्याहूनहि अधिक दाबानें कोंबलेली असते. टाकीच्या तोंडाशीं असलेला रेग्युलेटर तो दाब उतरवून भोंवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षां ९ ते १० बार अधिक एवढाच ठेवतो. मोटारीच्या चाकांतील दाबाच्या चार-पांच पट म्हणा. तेथून नळ्या निघतात : तोंडाकडे, तरंगण्याच्या जाकिटाकडे आणि पोशाखाकडे. या नळीचें रेग्युलेटरकडील टोंक आट्यांचें असतें आणि तें बहुतेक सर्वत्र ३/८ इंचाच्या एकाच मापाचें असतें. तंटा आहे तो दुसऱ्या टोंकाचा. तेथें सरकत्या कडीचा सांधा असतो आणि झडपेवर त्याच्या जोडीचें निपल असतें. सांध्याच्या पोटांत, मोटारच्या ट्यूबला असते तशी, खिळीची झडप लपलेली असते. निपल आंत शिरलें कीं खिळी दाबली जाते आणि हवा वाहूं लागते. कडी मागें ओढून सांधा सोडला कीं खिळी पुढें येते आणि हवा थांबते. तरंगण्याच्या जाकिटासाठीं जगभर जो सांधा वापरतात, त्याला आपण नेहमींचा सांधा म्हणूं. परंतु युरोपांतील कित्येक पोशाखांवर, विशेषतः जुन्या पोशाखांवर, स्वीडनच्या सी. ई. जे. एन. पद्धतीचा निराळा सांधा असतो. त्याची वाट रुंद असल्यामुळें हवा अधिक वेगानें येते. माझ्या विद्यार्थ्याच्या पदरीं पडला तो हाच.

सर्वांचे सांधे एक असावेत, ही इच्छा अगदीं योग्य आहे. नळी होडीवर फुटली, तर सोबत्याच्या पेटींतली दुसरी लावतां यावी. परक्या बंदरांतील दुकानांत मागितली, तर मिळावी. आणि अंधारांत, हातमोजे घातलेल्या बोटांना एकाच कडीची संवय असावी. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं इंग्लंडमध्यें सर्व कारखान्यांनीं स्क्रूचे आटे एकाच मापाचे करावेत असें सुचविलें, तेव्हांपासून यंत्रविद्येनें हा मार्ग धरला आहे. तो न धरल्याचें फळ अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें भोगलें. ता. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं तेथें आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया इत्यादि शहरांतून बंब धांवत आले. पण त्यांपैकीं कित्येकांच्या नळ्यांचे सांधे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना लागेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर अमेरिकेंत एक माप ठरलें खरें. तथापि १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या डोंगरावर वणवा पेटला, तेव्हां बाहेरून आलेल्या बंबांची पुन्हां तीच अडचण झाली. ओकलंडचे खांब ३ इंची आणि बाहेरच्यांच्या नळ्या अडीच इंची !

तर मग विद्यार्थ्याला ‘लाव’ असें मीं लगेच कां लिहिलें नाहीं ? येथें मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. प्रयोगशाळेंत बर्नरची रबरी नळी चिरली होती. मला दुसरी सांपडली, पण ती किंचित् मोठ्या पोटाची होती. मीं तोटीवर दोरा गुंडाळला, वरून तार आवळली आणि मुलांना म्हणालों, ‘बसली !’ तास निम्मा झाला असेल नसेल, नळी निसटली, ज्वाळा टेबलावर पसरली आणि पुढच्या बांकावरील एका मुलाची बाही पेटली. त्याचा हात भाजला. जखम पुढें बरी झाली, व्रण मात्र राहिला. त्याचे वडील मला एक शब्दहि टाकून बोलले नाहींत. त्यामुळें तर मला अधिकच लाज वाटली. त्या दिवसापासून ‘बसणें’ आणि ‘जुळणें’ हीं दोन निराळीं क्रियापदें आहेत, असें मी समजत आलों आहें.

म्हणून मीं उत्तर देण्यापूर्वीं पुस्तकें चाळलीं आणि त्यालाच उलट प्रश्न विचारले. त्यावरून असें दिसलें, कीं मार्ग चार आहेत. पहिला : झडप आहे तशी ठेवून तिच्या जोडीची रुंद सांध्याची नळी घ्यावी, काम सोपें, पण सर्वांपासून वेगळे पडण्याची अडचण कायम. दुसरा : मध्यें जोडतुकडा लावावा. तिसरा : ज्या झडपेचें निपल आट्यांवर बसविलेलें असतें, तिचें जुनें निपल काढून त्याच झडपेसाठीं तिच्या कर्त्यानें बनविलेलें नेहमींच्या मापाचें निपल बसवावें. चौथा : सगळी झडपच बदलावी. कोपऱ्यावरच्या लेथवर निपल कातून घेण्याचा पांचवा मार्ग कोणी सुचवील, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. निपल केंसभर आंखूड झालें, तर खिळी पुरती दाबली जात नाहीं. त्याची खांच केंसभर चुकली, तर कडी धरल्यासारखी वाटते, पण ऐन वेळीं सुटते.

मार्ग कोणताहि घ्या, चार प्रश्न विचारल्यावांचून सांधा जुळला असें म्हणूं नये.

पहिला प्रश्न दाबाचा. रेग्युलेटर जो दाब देतो, तो त्या झडपेला सोसतो काय ? साध्या हवेच्या टाकीवर याचें उत्तर बहुधा होकारार्थी असतें, कारण दाब सर्वत्र जवळजवळ सारखाच आहे. परंतु कांहीं अनुभवी पाणबुडे पोशाखासाठीं आर्गॉन वायूची छोटी टाकी निराळी बाळगतात; आर्गॉन हवेपेक्षां ऊब अधिक राखतो. नेहमींच्या मांडणींत रेग्युलेटर बिघडून दाब वाढला, तर तो तोंडाकडच्या झडपेंतून आपोआप निसटतो. छोट्या टाकीला तोंडाची नळीच नसते. तेथें दाब सोडणारी स्वतंत्र झडप लावलीच पाहिजे, नाहीं तर नळी फुटते.

दुसरा प्रश्न ओघाचा. रुंद सांध्याच्या जागीं नेहमींचा आला, कीं हवा सावकाश येते. हा तोटा नव्हे. पुष्कळदां तो लाभच असतो. कळ अडकून हवा वाहतच राहिली, तर सावकाश भरणारा पोशाख माणसाला विचार करण्यास वेळ देतो. शिवाय जोरानें सुटणारी हवा फार थंड होते आणि बर्फाजवळच्या पाण्यांत झडप गोठून उघडीच राहूं शकते. म्हणून कळ क्षणभर दाबून सोडावी, दाबून धरूं नये, असा नियम आहे. मात्र ज्याला रुंद सांध्याची संवय आहे, त्यानें आतां खालीं उतरण्याचा वेग कमी केला पाहिजे. आणखी असें, कीं कांहीं जाकिटांच्या फुगवणीच्या यंत्रांतूनच अडचणीच्या वेळीं श्वास घेण्याची सोय असते. त्यांना रुंद वाटच हवी. तेथें अरुंद सांधा लावणें म्हणजे माणसाचा श्वास तोडणें होय.

तिसरा प्रश्न सुटण्याचा. माझ्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा. सांधा घट्ट धरतो काय, एवढेंच आपण पाहतों. तो सुटतो काय, हें पाहत नाहीं. कळ अडकली, तर पाणबुड्यानें एका हातानें नळी तोडावयाची आणि दुसऱ्यानें दंडावरची झडप उघडावयाची असते. मध्यें जोडतुकडा असला, कीं एका कडीच्या दोन होतात. थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं कोणती ओढावी ? शिवाय तुकडा छातीवर पुढें येतो, पट्ट्यांत अडकतो, आणि गळतीला आणखी एक रबरी कडें मिळतें. नळी आंखूड असेल, तर हात ताणतांच सांध्यावर ओढ पडते, हेंहि पाहिलें पाहिजे.

चौथा प्रश्न असा : येथें सांधा बसावा काय ? रुग्णालयांत भूल देण्याच्या यंत्रावर प्राणवायूच्या टाकीची जागा नायट्रस ऑक्साइडच्या टाकीला मुद्दाम बसूंच नये, अशी खुंट्यांची योजना असते. तेथें न बसणें हेंच जीव राखतें. आर्गॉनमध्यें प्राणवायु मुळींच नसतो. त्याची नळी श्वासाच्या कोणत्याहि यंत्राला लागूं शकत असेल, तर तें सोयीचें नव्हे, संकटाचें लक्षण आहे.

मीं विद्यार्थ्याला लिहिलें, ‘तुकडा परत कर. झडप घेऊन जाणत्या कारागिराकडे जा. निपल बदलून मिळत असेल तर तें बदल, आणि बदलण्यापूर्वीं सगळी झडप उघडून घे.’ दोन आठवड्यांनीं त्याचें उत्तर आलें. कारागिरानें झडप उघडली, तेव्हां आंत मीठ साचून स्प्रिंग गंजलेली आढळली. कळ दाबल्यावर ती परत येत होती. पण सावकाश, आणि तीनदां-चारदां दाबल्यावर एकदां अडकून बसत होती. दुकानांतला तुकडा त्या झडपेवर अगदीं घट्ट बसला असता. तो बसला असता म्हणूनच तिच्या पोटांत कोणी पाहिलें नसतें, आणि ३० मीटरवर, सव्वाशें किलोमीटर दूर घर असलेल्या त्या मुलाच्या छातीवर ती कळ अडकली असती.

झडप साफ झाली, स्प्रिंग नवी आली, नेहमींच्या मापाचें निपल लागलें. नंतर तो सोबत्याला घेऊन ५ मीटर पाण्यांत उतरला, आणि जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, नळी जोडणें व तोडणें वीस वेळां केलें. मग तो स्कापा फ्लोला गेला. त्या जहाजांचें त्यानें केलेलें वर्णन फार सुंदर आहे. पण मीं ती वीस वेळांची ओळ अधिक वेळां वाचली.

श्रोतेहो, आपल्या घरांत पाणबुड्याची झडप नसेल. पण विजेचा बोर्ड आहे. गीझरच्या प्लगच्या पिना जाड असतात, त्या दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटमध्यें शिरत नाहींत. आपण बाजारांतून एक जोडतुकडा आणतों, त्यांत जाड पिना शिरतात, त्याच्या बारीक पिना भिंतींत शिरतात, आणि आपण म्हणतों, ‘बसला.’ पिना जाड केल्या होत्या त्या आपली अडवणूक करण्यासाठीं नव्हेत. भिंतींतील बारीक तारेला एवढा प्रवाह सोसणार नाहीं, हें सांगण्यासाठीं केल्या होत्या. तो तुकडा तें सांगणारें तोंड बंद करतो. तार मात्र भिंतीच्या आड तापतच राहते.

तेव्हां आज रात्रीं गॅसची रबरी नळी आणि भिंतीवरचा तो तुकडा एकदां हातानें चांचपून पाहा. सांधा बसला आहे, हें डोळ्यांना दिसेलच. तो जुळला आहे काय, हें विचारावें लागतें. इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.